डावीकडची भिंत

बाबा गोष्टींच्या पुस्तकांसाठी कागदावर चित्रं काढायचे आणि मी ती स्कॅन करून कम्प्युटरवर साफ करायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या चित्रांतल्या डावीकडच्या भिंती कलू लागल्या, टेबलं घसरगुंडीसारखी उतरू लागली. वय झालं, दुसरं काय! पण जन्मभर माझ्या रेघांना नावं ठेवणाऱ्या माणसाला हे सांगणार कोण? मी गुपचूप सगळ्या रेघा सरळ करायचे आणि मगच चित्र छपाईला पाठवायचे.

काल बाबा जिन्यावरून पडले. डावीकडचा कठडा त्यांना दिसलाच नव्हता.

डॉक्टरांनी खाटेजवळ येऊन मेंदूचा फोटो दाखवला. "ही गाठ दोन वर्षांची तरी आहे. तेव्हाच आला असतात, तर काढता आली असती. हे चित्रं काढतात ना? मग रेघा वाकड्या यायला लागल्या असणार. घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

बाबांनी उशाजवळचं आपलं नवं पुस्तक उचललं आणि ताठ मानेनं डॉक्टरांपुढे धरलं.

"यातली एक तरी रेघ वाकडी दाखवा."