मांजर टेबलाखाली आहे

हायस्कूलमध्ये दोन वर्षं स्पॅनिश शिकून ट्रेंटच्या डोक्यात चारच गोष्टी उरल्या होत्या: एक ते दहा आकडे, 'मांजर टेबलाखाली आहे', 'पेन्सिल पिवळी आहे' आणि 'माझं नाव इग्नासियो'. वर्गात पहिल्या दिवशी प्रत्येकानं एक स्पॅनिश नाव घ्यायचं असे. त्यानं हे घेतलं होतं.

नेब्रास्काच्या हायवेवर भरदुपारी ट्रेंट आणि त्याची सहकारी डार्ला यांची ॲम्ब्युलन्स बर्फात अडकली. आतल्या बाईला फक्त स्पॅनिश येत होतं, इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. बाळाचं डोकं दिसत होतं, पण घाबरून तिनं अंग आवळून धरलं होतं.

"अरे, तू शाळेत स्पॅनिश घेतलं होतंस ना?" स्टिअरिंगवरून डार्ला ओरडली.

"घेतलं होतं गं, आलं होतं कुठे!"

"जेवढं येतंय तेवढं ओक! बाळ थांबणार नाही."

ट्रेंटनं बाईचा हात धरला. "माझं नाव इग्नासियो," तो स्पॅनिशमध्ये म्हणाला. ती बघतच राहिली. मग घाईघाईत, "मांजर टेबलाखाली आहे!"

भर कळांमध्ये ती खुदकन हसली आणि तिचं अंग सैल पडलं. त्यानं लगेच आकडे सुरू केले. तो दहापर्यंत मोजायचा, तोवर ती जोर लावायची. चौथ्या खेपेला सातवर बाळानं टाहो फोडला.

"पेन्सिल पिवळी आहे!" ट्रेंट आनंदानं किंचाळला. दुसरं काही उरलंच नव्हतं.

संध्याकाळी दवाखान्यात त्यानं पाळण्यावरचं कार्ड वाचलं.

इग्नासिया. मुलगी. सहा पौंड अकरा औंस.