नावाचं शेपूट

औषधाचा डोस काढणाऱ्या प्रोग्राममध्ये मॅडमनी पुन्हा तीच चूक दाखवली. “आकड्याला नुसतं ‘वजन’ हे नाव नको. ‘वजन_किलो’ लिहा. नियम आहे आपला.” नवा प्रोग्रामर वैतागला. “आपण सगळं किलोतच मोजतो, मॅडम. मग प्रत्येक नावाला हे शेपूट कशाला?” मॅडमनी वाद घातला नाही. ड्रॉवरमधून प्लास्टिकची एक पट्टी काढून त्यांनी कीबोर्डवर ठेवली. हॉस्पिटलात नवजात बाळाच्या मनगटाला बांधतात तसली. “माझ्या पहिल्या नोकरीत मीही नुसतं ‘वजन’ लिहिलं होतं. त्या वॉर्डातला काटा पाउंडात वजन दाखवायचा. प्रोग्रामनं तो आकडा किलोचा धरला आणि दुपटीहून जास्त औषध सांगितलं. चौकशी संपल्यावर बाळाच्या आईनं ही माझ्या हातात ठेवली.” त्यानं पट्टी उचलली. आईच्या नावापुढे नुसतं ‘बाळ’ लिहिलं होतं. “यावर बाळाचं नाव नाही,” तो म्हणाला. “घरी नेल्यावर ठेवणार होते.”