मागची डावी सीट

गाडीतलं गाणं मधेच बंद पडायचं आणि गॅरेजमध्ये आणलं की गुणी बाळासारखं वाजायचं. चौथ्या खेपेला इलेक्ट्रिशियन वैतागला. "साहेब, आता एकटे येऊ नका. घरचे सगळे आणा आणि नेहमी बसता तसेच बसा."

मंडळी आली. इलेक्ट्रिशियन पुढे बसला, गाडी निघाली, गाणं लागलं. साहेबांनी त्याच्यावर ताण करून असा काही गळा काढला, की इलेक्ट्रिशियनच्या हातातला टेस्टर पडला. तेवढ्यात मागे डावीकडे बसलेले साहेबांचे वडील जरासे कलले, आणि गाणं बंद! त्याबरोबर साहेबही बंद.

परत आल्यावर इलेक्ट्रिशियनने मागची सीट उचलली. खाली वायरचा जोड सैल होता. कलून नेमकं त्यावर वजन टाकलं की सुटायचा. तो आवळणार, एवढ्यात म्हाताऱ्यांनी त्याचा हात धरला. "बाबा रे," ते कुजबुजले, "ही जागा सापडायला मला वर्ष लागलं."

"सापडला का बिघाड?" साहेबांनी बाहेरून विचारलं.

इलेक्ट्रिशियनने सीट होती तशी बसवली.

"नाही हो, साहेब. पण वडिलांची जागा तेवढी बदलू नका. मानवलीय ती त्यांना."