चौसष्टावी ओळ

कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर फुकट प्रोग्रामांची लांबलचक यादी होती. उज्वला एकशे बाराव्या नावापर्यंत पोचली होती. तिच्या पाठीमागे निफाडच्या द्राक्ष बागायतदार संघाची बैठक भरली होती आणि विषय तिचाच होता. तिने बनवलेलं संघाचं वेबपान लंडनच्या व्यापाऱ्याच्या कॉम्प्युटरवर कोरं दिसलं होतं.

"कोरं म्हणजे निव्वळ कोरं," चेअरमन खंडेराव म्हणाले. "पन्नास बागायतदारांची नावं, अन् त्या साहेबाला एक मणी दिसंना."

इंदिरानगरहून वेबसाइटवाला ज्ञानेश आला होता. फ्लॉपीतून आणलेलं नमुन्याचं पान त्याचं सगळ्यांना दाखवून झालं होतं. हलणारे घड, पळणारी अक्षरं. सभासद खूश होते. फ्लॉपी आता पुन्हा त्याच्या खिशात होती.

"ताईंना नावं ठेवत नाही मी," तो म्हणाला. "पण टायपिंग वेगळं आणि वेबसाइट वेगळी. हे सगळं पुसून नव्याने करावं लागेल."

"कुठं चुकलंय?" उज्वलाने मान न वळवता विचारलं.

"सगळीकडेच, ताई."

"ओळ सांगा."

"तशी ओळ-बिळ सांगता येत नाही. इंटरनेटवर तपासून घ्यावं लागतं."

इंटरनेट फोनच्या तारेतूनच लागायचं; संघाला फोन एकच, आणि दिवस काढणीचे. सकाळपासून दिल्ली-कलकत्त्याचे व्यापारी त्या तारेवर बसलेले; एकाने ठेवला की दुसरा हजर. तिथून इंटरनेटला वाट मिळायची नव्हती, हे ज्ञानेशला ठाऊक होतं. उज्वलालाही होतं, म्हणून तर ती फोनवाचून चालणारा प्रोग्राम धुंडाळत होती. खेळ, पंचांग, कुंडल्या, टिकटिकणारी घड्याळं. पान तपासणारे तीन निघाले, पण तिघेही म्हणाले, आधी फोन जोडा.

"उज्वला, ठराव लिही," खंडेराव म्हणाले. ती संघाची टायपिस्ट; सगळे ठराव तिच्याच हातचे. "वेबपानाचं काम आजपासून यांच्याकडं."

"थांबा अण्णा."

"लिही म्हणतो ना."

"ठराव माझ्याच हातचा हवाय ना? मग हात मोकळा होऊ द्या."

कोणीतरी खाकरलं. ती यादीत खाली सरकत राहिली. एकशे एकतिसावं नाव. पानातल्या चुका ओळीनिशी दाखवतो, जोडणी लागत नाही. तिने तो प्रोग्राम चढवला आणि आपलं पान त्याच्यापुढे टाकलं. मशीन कुरकुरलं, थांबलं. पडद्यावर एकच ओळ लाल झाली.

"एक चूक," उज्वलाने मोठ्याने वाचलं. "ओळ चौसष्ट. नावांचा तक्ता उघडलाय, बंद केलेला नाही. काही कॉम्प्युटर सांभाळून घेतात. काही अख्खा तक्ता गिळतात."

"म्हणजे चूक आहेच," ज्ञानेश म्हणाला.

"आहे. माझीच आहे." तिने खुर्ची वळवली. "अण्णा, तुमचं नाव आधी शेवटी होतं. चेअरमनचं नाव तळाला कसं, म्हणून तुम्ही माझ्या डोक्यावर उभे राहिलात. मी ते वर नव्याने लिहिलं, खालचं पुसलं. त्या पुसण्यात तक्ता बंद करायची खूणही गेली."

संघाच्या एकुलत्या एक महिला संचालक सगुणाबाई यांनी पदर तोंडाला लावला. "म्हंजे अण्णा वर चढले अन् जाताना शिडी घेऊन गेले!"

सगळे हसले. खंडेरावांचे कान लाल झाले. "पुरं झालं. दुरुस्त होतंय का ते सांग."

उज्वलाने चौसष्टाव्या ओळीखाली एक छोटी खूण लिहिली. लंडनवाल्याकडे होता तसला ब्राउझर त्याच सीडीवर होता. त्यात तिने पान उघडलं. पन्नासच्या पन्नास नावं खाली उतरली, वर खंडेराव.

"घडात एक मणी सडला तर आपण कातर लावतो," ती म्हणाली. "घड फेकत नाही."

"आज एक सापडली, ताई, उद्या दहा निघतील," ज्ञानेश हसून म्हणाला. "शेवटी परदेशात संघाची अब्रू आहे. पान बिनचूकच पाहिजे."

"बरोबर बोललात." उज्वलाने हात पुढे केला. "तुमची फ्लॉपी द्या."

"कशाला?"

"बिनचूक आहे का बघू. ओळीनिशी."

"आमचं तपासलेलंच असतं."

"मग आणखी एकदा तपासू. फुकट तर आहे."

ज्ञानेशचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

"द्या की भाऊ," सगुणाबाई म्हणाल्या. "मशीन काय चावतंय?"

ज्ञानेशने खंडेरावांकडे पाहिलं. खंडेराव उठले, आपली खुर्ची उचलली आणि पडद्यासमोर, उज्वलाच्या शेजारी आणून ठेवली. मग सगुणाबाईंची खुर्ची सरकली. मग बाकीच्यांच्या, एकेक करत.

उज्वलाचा हात अजून पुढेच होता.