तळ्यावरचा तवंग

"हे प्या!" तिने बाटली टेबलावर आपटली.

बंदराच्या साहेबांनी ती उजेडात धरली. पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग डुलत होता.

"बाई, आमचं गटार समुद्राकडे जातं. तुमच्या तळ्याकडे नाही."

"मग हे आभाळातून पडलं? ही लेक जन्मली तेव्हा तळ्याचा तळ दिसायचा. सहा महिन्यांत ही दशा! नळाला दोनदा पाणी येतं आठवड्यातून. हिचे लंगोट धुऊ कुठे?" तिने कडेवरच्या लेकीचं दुपटं सारलं. कोवळ्या मांड्यांवर लालभडक चट्टे होते.

साहेबांनी नजर वळवली. "तपासायला पाठवतो."

"तीनदा पाठवून झालंय!"

घरी येईपर्यंत तिचा राग उतरला नव्हता. शेजारीण दारातच उभी होती.

"काय म्हणाला गं?"

"हात झटकले मेल्याने."

"तू त्याला सरळ करशील बघ. गल्लीतल्या सगळ्या नवऱ्यांना केलंस तसं."

ती रागातही हसली. तिचा नवरा जहाजांच्या टाक्या धुवायचा, आणि तेलातून काढल्यासारखा घरी यायचा. "असल्या अंगाने लेकीला शिवायचं नाही," असं तिने बाळंतपणानंतर ठणकावलं. शेजारणींनीही तोच नियम लावला.

संध्याकाळी तो आला, ओल्या केसांचा, साबणाच्या वासाचा. लेकीला उचलून त्याने तिच्या पोटावर नाक घासलं. लेक खुदकन हसली.

"त्या साहेबाला तळ्यात बुचकळून काढणार आहे मी," ती म्हणाली.

"मी धरतो, तू बुचकळ."

दुसऱ्या दिवशी, बंदरातली कामाची पाळी सुटायच्या सुमाराला, लेक शेजारणीकडे ठेवून ती एकटीच निघाली. चोरटा पाइप असणारच. तळ्याच्या पलीकडच्या काठाला लव्हाळ्यांतून एक काळा ओघळ पाण्यात उतरत होता.

"सापडलास!"

तिने दगड उचलला. पाइप फुटेपर्यंत ठेचायचा, मग होऊ दे काय व्हायचं ते. ओघळाच्या कडेने चिखल तुडवत ती चढ चढली. वर बंदराची मागची भिंत होती. भिंतीबाहेर एकच नळ. त्याभोवती गल्लीतले दहा-बारा पुरुष उघड्या अंगाने साबण चोळत होते, आणि काळा फेस उताराला लागला होता.

मधोमध तिचा नवरा उकिडवा बसून ब्रशने बोटं घासत होता.

"घाई नको रे," तो बाकीच्यांना सांगत होता. "नखंसुद्धा नीट घासा. घरी लेकरांना उचलायचंय."