चांदसाबांचा घास

जेवणासाठी दस्तरखान अंथरला गेला, डाळ-मटणाच्या दालच्याचं पातेलं आलं, आणि आरिफने बापाच्या कानाशी वाकून शेवटचं विचारून घेतलं. अजून वेळ आहे, अब्बांना ताप आलाय असं सांगून टाकू का?

"मला कशाला ताप येतोय?" म्हणत चांदसाब मांडी घालून बसले.

मांडी घालून बसता येणं हेच मुळात नवं होतं. वजन उतरवायच्या ऑपरेशनआधी पोटाने तेवढी जागाच ठेवली नव्हती. आता जठराला पट्टा बसवला होता आणि शेरवानी शिंप्याकडून दोनदा आत घेऊन झाली होती. पण घरच्यांचा जीव टांगणीला लागला होता तो त्या पट्ट्यापायीच.

आज लेकीची, गुलनाजची मंगनी होती. बार्शीचे सोयरे पहिल्यांदाच या घरात जेवायला बसत होते, आणि दस्तरखानाची रीत कुणाला सांगायला नको. घरातला थोरला जेवतोय तोवर पाहुण्यांनी जेवायचं. त्याने हात आवरला की समोर कितीही वाढलेलं असो, सगळ्यांनी आवरायचा. चांदसाबांचं पोट तर आता पाच-सहा घासांत भरत होतं. ते उठले की बार्शीकर उपाशी उठणार, आणि पोरीच्या बापाला सोयरीक गोड लागली नाही असं चार ठिकाणी सांगणार. बरं, घाईने गिळावं तर घास पट्ट्यापाशी अडणार आणि चारचौघांत उलटणार. बकरी ईदला घरातल्या घरात तसं झालंही होतं. म्हणून त्यांच्या बायकोने, सायराबानूने दाराआड तांब्या आणि टॉवेल तयार ठेवला होता.

बसूच नका, असं सगळे सांगत होते. पोरीच्या मंगनीला बापाने माजघरात लपून बसायचं, हे चांदसाबांना काही पटलं नाही. ते बिस्मिल्लाह म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

त्यांच्यासोबत एकाच मोठ्या ताटाभोवती होणारे व्याही गौसभाई होते, गौसभाईंचे दात पडलेले चुलते होते, आणि माढ्याचे भीमातात्या. तात्यांचा ऊस चांदसाबांच्या ट्रकमधून कारखान्याला जायचा, आणि या घरचं एकही कार्य तात्यांनी कधी चुकवलं नव्हतं.

चांदसाबांनी शेंगदाण्याएवढा घास उचलला आणि हात ताटाच्या काठाशी टेकवला. हे शिकवलं होतं दवाखान्यातल्या ऋतुजा मॅडमनी. घास लहान, तोंडातला संपल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही, आणि चावायचं ते गिळायला काही उरू नये असं. ज्याने उभी हयात टेंभुर्णीच्या ढाब्यावर इंजिन चालू ठेवून जेवण उरकलं, त्याला हे कुठलं जमायला? आमची म्हैसबी एवढं चावत न्हाई, असं त्यांनी मॅडमना तोंडावर ऐकवलं होतं. मग म्हशीच्या पुढं जाऊन दाखवा की, असं मॅडमनीही ऐकवलं होतं.

आणि ते म्हशीच्या पुढे गेलेही होते. दालच्यात दुधी असतो, हे त्यांना या वर्षी कळलं होतं. आज चिंच नेमकी पडली होती आणि मटण बोटाने सुटत होतं.

दुसरा घास चावता चावता त्यांनी मान वर केली. गौसभाईंनी पुन्हा भात मागून घेतला होता. चुलते नळीतला ऐवज ओढून काढण्यात डोळे मिटून गुंगले होते. प्रत्येकाची नजर मधूनच चांदसाबांच्या हाताकडे जायची. हात ताटातच दिसला की पुन्हा जेवण चालू. पाहुणे जेवताना कसे दिसतात, हे चांदसाब या वयात पहिल्यांदा बघत होते. त्यांना फार बरं वाटलं.

पाचव्या घासाला बरगडीखालून इशारा आला. आता एकच. चुलत्यांची नळी अजून संपायची होती. चांदसाब घाबरले नाहीत. त्यांनी दुधीची एक कोवळी फोड निवडली, तोंडात टाकली, हात ताटातच ठेवला आणि सावकाश चावायला लागले.

चुलत्यांनी नळी खाली ठेवली, अल्हमदुलिल्लाह म्हटलं आणि भिंतीला टेकले. गौसभाईंनी तिसऱ्यांदा आलेला भात दोन्ही हात आडवे धरून परत पाठवला. दाराआडचा टॉवेल सायराबानूने खांद्यावर टाकला आणि ती निवांत आत गेली.

तेवढ्यात भीमातात्या चांदसाबांच्या कानाशी सरकले.

"खरं सांगू का? तुमच्यात जेवाय यायचं म्हंजी आमी घरनं भाकरी खाऊनच निगतो. समदेच. तुमचा हात लई चपळ. पाव्हन्याचे चार घास व्हईस्तवर तुमी हात धुवून मोकळं."

चांदसाबांचं चावणं थांबलं. किती ईदा, किती लग्नं. बस बस म्हणत अर्ध्या ताटावरून उठणारी माणसं त्यांना आठवली. तुमची पोटं चिमणीची, असं म्हणून ते प्रत्येकाची थट्टा करायचे आणि पाठीवर थाप मारायचे. त्यांचे कान तापले.

"आजबी खाऊनच आलतो," तात्या धोतराची गाठ सैल करत म्हणाले. "उगं खाल्ली."

चांदसाबांना काहीतरी बोलायचं होतं. पण तोंडात घास होता, आणि तो अजून चावून झाला नव्हता. त्यांचा हात ताटात होता तोवर उठणार कोण? सगळे थांबले.