ओणमची पंगत

शाळेत शिक्षकांच्या संघटना दोन, म्हणून शिक्षकखोलीत टेबलंही दोन आणि चहाचे थर्मासही दोन.

नव्या मुख्याध्यापिका रेमादेवी टीचर यांनी आल्या आल्या टेबलं जोडून टाकली. दर शुक्रवारी शाळा सुटली की त्या सगळ्यांना गोल बसवून मन मोकळं करायला लावत. कुणाची बस चुकली तरी 'आपण एक कुटुंब आहोत' असं तीनदा म्हटल्याशिवाय सुटका नसे.

ओणमला त्यांनी सगळ्यांची एकच पंगत मांडली. पायसम वाढताना पाहतात तो दोन्ही संघटनांचे म्होरके, सुगतन माश (म्हणजे मास्तर) आणि आलीस टीचर, शेजारी बसून कुजबुजताहेत. कित्येक वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं ती. रेमादेवींना भरून आलं.

"बघा माश, जमलं की नाही शेवटी?"

"जमलं टीचर. आणि तुमच्यामुळेच जमलं," सुगतन माश म्हणाले.

जेवण गोड लागलं की केळीचं पान आपल्याकडे दुमडायचं, ही रीत. पलीकडे दुमडतात ते फक्त मेल्या माणसाच्या नावाने जेवतात तेव्हा.



सुगतन माशांनी आलीस टीचरकडे पाहून मान हलवली, आणि अख्ख्या पंगतीने एकमताने पानं पलीकडे दुमडली.